कृषिपरिस्थितिकी आणि अल्पभूधारक शेतकरी : शाश्वत अन्नव्यवस्थेच्या दिशेने

१९५०-५१ मध्ये देशाचे अन्नधान्य उत्पादन सुमारे ५.१ कोटी टन होते. २०२३-२४ मध्ये ते ३३ कोटी टनांच्या पुढे गेले. परदेशी धान्याच्या जहाजांकडे डोळे लावून बसलेल्या देशाने अन्नधान्याच्या बाबतीत स्वयंपूर्णता मिळवली, ही स्वतंत्र भारताच्या मोठ्या उपलब्धींपैकी एक आहे. सुधारित बियाणे, सिंचन, रासायनिक खते आणि किमान आधारभूत किमतीने होणारी खरेदी या चार आधारांवर ही वाटचाल झाली.

याच काळात शेतकऱ्याच्या वाट्याची जमीन मात्र आक्रसत गेली. कृषिगणनेनुसार १९७०-७१ मध्ये सरासरी वहिती क्षेत्र २.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.०८ हेक्टरवर आले. आज देशातील सुमारे ८६ टक्के वहिती खातेदार दोन हेक्टरांहून कमी जमीन कसतात. एकूण वहिती क्षेत्रापैकी जेमतेम ४७ टक्के क्षेत्र त्यांच्याकडे आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१९ मधील पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळले आणि निम्म्याहून अधिक कुटुंबे कर्जबाजारी असल्याचे दिसून आले.

देशाचे कोठार भरलेले आणि ते भरणाऱ्याचा ताळेबंद मात्र तुटीचा, या विसंगतीच्या संदर्भात ‘कृषिपरिस्थितिकी’ या विचाराची चर्चा होत आहे. या विचाराचे स्वरूप, त्यामागील विज्ञान, भारतातील अनुभव आणि त्याच्या मर्यादा यांचा परामर्श येथे घेतला आहे.

संकल्पना

कृषिपरिस्थितिकी, म्हणजेच ‘अ‍ॅग्रोइकॉलॉजी’, शेताकडे उत्पादनाचा कारखाना म्हणून न पाहता एक परिसंस्था म्हणून पाहते. जमीन, पाणी, पिके, झाडे, जनावरे, कीटक, सूक्ष्मजीव आणि माणूस हे या परिसंस्थेचे घटक होत. त्यांच्यातील परस्परसंबंध बळकट केल्यास बाहेरून विकत आणाव्या लागणाऱ्या निविष्ठांची गरज कमी होते, हे या विचाराचे मूलसूत्र आहे.

ही संज्ञा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रचारात आली. आरंभी ती केवळ विज्ञानशाखा होती. पुढे लॅटिन अमेरिकेतील छोट्या शेतकऱ्यांच्या अनुभवांतून तिला शेतीपद्धतीचे आणि सामाजिक चळवळीचेही रूप आले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ मध्ये कृषिपरिस्थितिकीचे दहा घटक मांडले. त्यांत विविधता, पुनर्चक्रण, घटकांमधील सहकार्य, संसाधनांचा कार्यक्षम वापर आणि आघात सोसण्याची क्षमता यांबरोबरच ज्ञानाची संयुक्त निर्मिती, खाद्यपरंपरा, मानवी मूल्ये, जबाबदार शासनव्यवहार आणि परस्परसहकार्याची अर्थव्यवस्था यांचाही समावेश आहे. म्हणजेच ही संकल्पना शेताच्या बांधापाशी थांबत नाही; ती ताटापर्यंत पोहोचते.

सेंद्रिय शेती, नैसर्गिक शेती आणि कृषिपरिस्थितिकी या संज्ञा अनेकदा समानार्थी म्हणून वापरल्या जातात, परंतु त्यांत भेद आहे. सेंद्रिय शेती प्रामुख्याने मानके आणि प्रमाणीकरण यांच्याशी जोडलेली आहे. भारतात निर्यातीच्या दृष्टीने २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम राबविला जातो, तर देशांतर्गत बाजारासाठी शेतकऱ्यांच्या गटांनी परस्परांची शेते तपासण्याची सहभाग हमी पद्धती उपलब्ध आहे. नैसर्गिक शेतीत बाहेरून कोणतेही खत विकत न आणता शेतावरील शेण, गोमूत्र, आच्छादन आणि मिश्र पिके यांवर भर असतो. कृषिपरिस्थितिकी ही या दोहोंना सामावून घेणारी व्यापक चौकट आहे. तिचा मुख्य प्रश्न ‘रसायन वापरले की नाही’ एवढाच नाही. ‘संपूर्ण व्यवस्था कशी रचली आहे’ हा आहे.

प्रक्रियेमागील विज्ञान

या पद्धतीचा पहिला आधार विविधता हा होय. ज्वारीच्या ओळींत तूर पेरली असता दोन्ही पिकांची मुळे जमिनीच्या वेगवेगळ्या थरांतून पाणी घेतात, त्यांच्या वाढीचा आणि काढणीचा काळ वेगळा असतो आणि तुरीच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. पाऊस लवकर ओसरला तर एका पिकाचे नुकसान होते, दुसरे बहुधा हाती लागते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने मिश्र पीक हा पीकविम्याचाच एक प्रकार आहे.

दुसरा आधार जमिनीतील जीवसृष्टी. सेंद्रिय कर्ब वाढला की मातीची कणरचना सुधारते, पाणी मुरते आणि ओलावा अधिक काळ टिकतो. मूळचे विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेल्या पद्धतीतील जीवामृताचे उदाहरण घेता येईल. दोनशे लिटर पाण्यात देशी गायीचे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर जिवंत माती मिसळून ते आंबविले जाते. एका एकराला इतक्या अल्प प्रमाणातून पिकाची संपूर्ण अन्नद्रव्यांची गरज भागणे शक्य नाही. जीवामृताचे कार्य मुख्यतः विरजणासारखे आहे. सूक्ष्मजीवांना चालना देणे हा त्याचा हेतू असतो. म्हणूनच आच्छादन, द्विदल पिके आणि सेंद्रिय पदार्थ यांच्या जोडीशिवाय केवळ जीवामृतावर विसंबून राहता येत नाही.

तिसरा आधार कीडनियंत्रणाचा. व्यापक परिणाम करणारे कीटकनाशक किडीबरोबर तिच्या नैसर्गिक शत्रूंनाही मारते. काही कालावधीनंतर कीड पुन्हा उद्भवते, तेव्हा तिला रोखणारे मित्रकीटक शेतात उरलेले नसतात. शिवाय वारंवार फवारणीमुळे किडीत प्रतिकारशक्ती निर्माण होते आणि फवारण्यांची संख्या वाढत जाते. हे चक्र भेदण्यासाठी उन्हाळी खोल नांगरट, प्रकाश सापळे, कामगंध सापळे, झेंडू व एरंडासारखी सापळा पिके, पक्षीथांबे आणि निंबोळी अर्क अशा उपायांची साखळी वापरली जाते.

परंपरेचा वारसा

भारतीय शेतकऱ्यास ही तत्त्वे अपरिचित नाहीत. उत्तराखंडच्या डोंगराळ भागात ‘बारानाजा’ म्हणजे बारा धान्यांची एकत्र पेरणी करण्याची पद्धत आहे. तीत नाचणी, राजगिरा, राजमा, कुळीथ अशी पिके एकमेकांच्या आधाराने वाढतात. अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात अपातानी समाज भातखाचरांत मासे पाळतो आणि बांधांवर भरडधान्य घेतो. ओडिशातील कोरापूट परिसर भाताच्या असंख्य स्थानिक वाणांसाठी प्रसिद्ध असून अन्न व कृषी संघटनेने त्यास जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून २०१२ मध्ये मान्यता दिली.

या परंपरांचा पाया घरचे बियाणे हा आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ मधील कलम ३९ अन्वये शेतकऱ्यास बियाणे राखणे, पेरणे, देवाणघेवाण करणे आणि ब्रँडच्या नावाखेरीज विकणे याचा हक्क देण्यात आला आहे. महाराष्ट्रात अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी स्थानिक वाणांची बियाणे बँक उभी केली. त्यांच्या कार्याचा गौरव २०२० च्या पद्मश्री सन्मानाने झाला.

तथापि परंपरेचे गौरवीकरण पुरेसे नाही. वाढती लोकसंख्या, घटते जमीनधारण आणि बदलते हवामान यांच्या कसोटीवर या ज्ञानाची पुनर्मांडणी करणे, हे कृषिपरिस्थितिकीचे खरे कार्य आहे.

स्थित्यंतराच्या पाच पायऱ्या

शास्त्रज्ञ स्टीफन ग्लिसमन यांनी अन्नव्यवस्थेच्या स्थित्यंतराचे पाच स्तर सांगितले आहेत. पहिल्या स्तरावर खते, पाणी व औषधे यांचा वापर अधिक काटेकोर केला जातो. दुसऱ्या स्तरावर रासायनिक निविष्ठांच्या जागी पर्यायी निविष्ठा येतात. तिसऱ्या स्तरावर पीकरचना, जनावरे, झाडे आणि पाणी यांचा मेळ घालून शेताची फेररचना होते. चौथ्या स्तरावर उत्पादक आणि ग्राहक यांच्यात थेट नाते निर्माण होते. पाचव्या स्तरावर न्याय्य आणि शाश्वत अशी अन्नव्यवस्था व्यापक पातळीवर उभी राहते.

या मांडणीतून एक महत्त्वाचा मुद्दा स्पष्ट होतो. पहिल्या दोन पायऱ्या एखादा शेतकरी स्वतःच्या बळावर चढू शकतो. तिसऱ्या पायरीपासून मात्र त्यास वेळ, श्रम, ज्ञान आणि तात्पुरती घट सोसण्याची ऐपत लागते. जमिनीची जीवसृष्टी पूर्ववत होण्यास काही हंगाम जावे लागतात. या काळात उत्पादन घटल्यास मोठा बागायतदार तग धरू शकतो. दीड एकराच्या कोरडवाहू शेतकऱ्यास एक हंगाम गमावणे म्हणजे पुन्हा सावकाराचा उंबरठा चढणे असते. स्थित्यंतराची जोखीम कोणी उचलावयाची, हा या संपूर्ण विषयातील कळीचा प्रश्न आहे.

आंध्र प्रदेशचा अनुभव

या प्रश्नाचे एक उत्तर तत्कालीन अविभाजित आंध्र प्रदेशात शोधण्यात आले. १९९७-९८ च्या हंगामात वरंगळ परिसरात कापसाचे पीक किडींनी उद्ध्वस्त झाले आणि कर्जाच्या ओझ्याखाली अनेक शेतकऱ्यांनी जीवन संपविले. ग्रामीण भागात निविष्ठा विकणारा दुकानदारच बहुधा उधारी देणारा आणि फवारणीचा सल्ला देणाराही असतो. त्यामुळे कीटकनाशकांवरील अवलंबन हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. तो पतपुरवठ्याचा प्रश्न बनतो.

याच पार्श्वभूमीवर खम्मम जिल्ह्यातील पुनुकुला या गावाने स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने कीटकनाशकांशिवाय शेती करण्याचा प्रयोग केला आणि २००३ मध्ये स्वतःस कीटकनाशकमुक्त घोषित केले. ‘सोसायटी फॉर एलिमिनेशन ऑफ रूरल पॉव्हर्टी’ या राज्य शासनाच्या संस्थेने २००४-०५ पासून महिला स्वयंसाहाय्यता गटांच्या माध्यमातून या पद्धतीचा विस्तार सुरू केला आणि काही वर्षांतच ती लाखो एकरांवर पोहोचली.

या विस्ताराचे मर्म संघटनेत होते. बचतगटाकडून कर्ज मिळू लागल्याने दुकानदाराच्या उधारीची पकड सैल झाली. प्रशिक्षण देण्याचे काम बाहेरच्या अधिकाऱ्यापेक्षा स्वतः यशस्वी ठरलेल्या शेतकऱ्यांवर सोपविण्यात आले. अर्क आणि द्रावणे तयार करण्याचे कष्ट ज्यांना झेपत नव्हते, त्यांच्यासाठी गावातच ती विक्रीस ठेवण्यात आली. जोखीम एका कुटुंबाच्या खांद्यावरून गटाच्या खांद्यावर काही अंशी सरकली.

राज्याच्या विभाजनानंतर २०१४ मध्ये आंध्र प्रदेशात रयतु साधिकार संस्था स्थापन झाली. तिच्यामार्फत सुरू झालेला नैसर्गिक शेतीचा कार्यक्रम आज ‘आंध्र प्रदेश समुदाय व्यवस्थापित नैसर्गिक शेती’ या नावाने ओळखला जातो. मान्सूनपूर्व कोरडी पेरणी हे त्याचे वैशिष्ट्य आहे. पावसाआधीच विविध पिकांचे बियाणे माती आणि शेणाचे लेपन करून पेरले जाते, जेणेकरून जमीन वर्षातील अधिकाधिक दिवस हिरवी राहील. २०२४ मध्ये या कार्यक्रमास ‘गुलबेंकियन प्राइझ फॉर ह्युमॅनिटी’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला.

असे असले तरी, २०१८ मध्ये जाहीर केलेले राज्यातील साठ लाख शेतकऱ्यांपर्यंत २०२४ पर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट साध्य झाले नाही. लाखो शेतकरी सहभागी झाले. परंतु त्यांपैकी अनेकांनी जमिनीच्या एका तुकड्यावरच नवी पद्धत स्वीकारली आहे. ही सावधगिरी अनास्था नव्हे. ज्याच्यापाशी गमावण्यास फारसे काही नाही, तो प्रथम एका कोपऱ्यात अनुभव घेतो आणि मगच पाऊल पुढे टाकतो.

शेतापासून ताटापर्यंत

शेतात विविधता आणावयाची असेल, तर बाजारातही विविधतेस मागणी हवी. हमीभावाची सरकारी खरेदी दीर्घकाळ मुख्यतः गहू आणि तांदूळ या दोन पिकांभोवती केंद्रित राहिली. परिणामी ज्वारी, बाजरी, नाचणी यांखालील क्षेत्र घटले आणि ती पिके घेणारा कोरडवाहू शेतकरी अन्नधोरणाच्या परिघावर ढकलला गेला.

ही साखळी उलट दिशेने फिरविण्याचे प्रयत्न झाले आहेत. आजच्या तेलंगणातील जहीराबाद परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनी, ज्यांत प्रामुख्याने दलित स्त्रिया आहेत, १९९० च्या दशकात पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या. पिकलेल्या ज्वारीचा काही हिस्सा त्यांनी गावच्या धान्यकोषात जमा केला आणि गरजू कुटुंबांना तो स्वस्त दरात दिला. शिधावाटपाची स्थानिक पर्यायी व्यवस्थाच त्यातून उभी राहिली.

ओडिशा शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या मिलेट मिशनने हा विचार राज्यव्यापी केला. आदिवासी जिल्ह्यांत नाचणीचे उत्पादन वाढविणे, गावपातळीवर प्रक्रिया यंत्रे देणे, आधारभूत किमतीने खरेदी करणे आणि ती नाचणी शिधावाटप व अंगणवाडीच्या आहारात समाविष्ट करणे, असे त्याचे सर्व दुवे परस्परांशी जोडलेले आहेत. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ मध्ये भरडधान्यांचा समावेश असल्याने यास वैधानिक आधारही आहे. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने उत्सवापेक्षा खरेदी केंद्राचे महत्त्व अधिक आहे.

मर्यादा आणि इशारे

उत्पादकतेचा प्रश्न टाळता येणार नाही. ‘नेचर’ या नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक विश्लेषणानुसार सेंद्रिय शेतीची उत्पादकता पारंपरिक रासायनिक शेतीपेक्षा पीक व परिस्थितीनुसार ५ ते ३४ टक्क्यांनी कमी आढळली. २०१९ मध्ये राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीनेही शून्य खर्च शेतीच्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे मत व्यक्त केले होते. ज्या कोरडवाहू भागात रसायनांचा वापर मुळातच कमी आहे, तेथे स्थित्यंतरात फारसे गमावण्यासारखे नसते. पंजाब-हरियाणातील सिंचित गहू-भात पट्ट्यात मात्र परिस्थिती भिन्न आहे. म्हणून एकच पद्धत सर्वत्र लागू करणे हे परिस्थितिकीच्या मूळ तत्त्वाशीच विसंगत ठरेल.

घाईचा धोका शेजारच्या श्रीलंकेने अनुभवला. तेथील सरकारने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी जाहीर केली. पर्यायी खते आणि प्रशिक्षण यांची सिद्धता नसल्याने भात व चहाच्या उत्पादनाला मोठा फटका बसला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. याउलट सिक्कीमने २००३ मध्ये सेंद्रिय शेतीचा संकल्प केला, रासायनिक खतांवरील अनुदान टप्प्याटप्प्याने काढून घेतले आणि जानेवारी २०१६ मध्ये सुमारे ७५,००० हेक्टर क्षेत्र सेंद्रिय म्हणून घोषित झाले. हे स्थित्यंतर तेरा वर्षांचे होते आणि तेथे रसायनांचा वापर आधीपासूनच अल्प होता. तरीही सिक्कीमला आपल्या गरजेच्या धान्याचा मोठा भाग बाहेरून आणावा लागतो, हेही विसरून चालणार नाही.

आणखी एक पैलू श्रमाचा आहे. निंदणी, अर्क तयार करणे, बियाणे जपणे ही कामे बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याला येतात. जमिनीची मालकी आणि कर्जाचा हक्क पुरुषाच्या नावे आणि वाढीव कष्ट स्त्रीच्या माथी, अशी विभागणी राहिल्यास या पद्धतीस न्याय्य म्हणता येणार नाही.

धोरणात्मक वाटचाल

केंद्र शासनाने २०१५-१६ पासून परंपरागत कृषी विकास योजनेद्वारे गटशेतीच्या स्वरूपात सेंद्रिय शेतीस साहाय्य दिले. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानास मंजुरी दिली. २०२५-२६ पर्यंतच्या कालावधीसाठी २,४८१ कोटी रुपयांची तरतूद, १५,००० समूहांतून ७.५ लाख हेक्टर क्षेत्र, एक कोटी शेतकरी आणि १०,००० जैवनिविष्ठा संसाधन केंद्रे, अशी त्याची रूपरेषा आहे. गावपातळीवर कृषिसखींकडे मार्गदर्शनाची जबाबदारी देण्यात आली आहे, ही बाब आंध्र प्रदेशच्या अनुभवाशी सुसंगत आहे.

या तरतुदीचे प्रमाण समजून घेण्यासाठी एक तुलना उपयुक्त ठरेल. आंतरराष्ट्रीय किमती भडकलेल्या २०२२-२३ या एका वर्षात देशाचे खत अनुदान सुमारे अडीच लाख कोटी रुपये होते. अभियानाची संपूर्ण तरतूद त्याच्या सुमारे एक टक्का भरते. खत अनुदान एकाएकी कमी करणे श्रीलंकेच्या मार्गाने जाण्यासारखे होईल. परंतु त्यातील बचतीचा काही भाग टप्प्याटप्प्याने स्थित्यंतराकडे वळविणे शक्य आहे. रासायनिक खतांचा वापर घटविणाऱ्या राज्यांना बचतीचा वाटा देण्याची २०२३ मधील पीएम-प्रणाम योजना याच तत्त्वावर आधारलेली आहे.

यापुढे चार बाबींकडे लक्ष देणे आवश्यक आहे. पहिली, स्थित्यंतराच्या आरंभीच्या हंगामांतील घट भरून काढणारी प्रत्यक्ष आर्थिक हमी. दुसरी, विविध कृषिहवामान विभागांत कृषी विद्यापीठे आणि शेतकरी यांनी संयुक्तपणे केलेले दीर्घकालीन प्रयोग. तिसरी, डाळी आणि भरडधान्ये यांची खात्रीची विकेंद्रित खरेदी. चौथी, कुळाने आणि खंडाने जमीन कसणाऱ्यांचा तसेच महिला शेतकऱ्यांचा योजनांत समावेश. कारण ज्याच्या नावे सातबारा किंवा तत्सम उतारा नाही, त्याच्यापर्यंत अनुदान सहसा पोहोचत नाही आणि पुढील वर्षी हीच जमीन कसावयास मिळेल याची खात्री नसलेला मनुष्य तिच्या कसात गुंतवणूक करीत नाही.

समारोप

हरितक्रांतीच्या काळात शेतकऱ्याने नवे बियाणे स्वीकारले, त्यामागे केवळ बियाण्याचा गुण नव्हता. १९६५ मध्ये स्थापन झालेले भारतीय अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग, कालवे, पतपुरवठा आणि विस्तारसेवा ही संपूर्ण यंत्रणा त्याच्या पाठीशी उभी होती. जोखीम शासनाने वाटून घेतली, म्हणून शेतकरी पुढे आला. कृषिपरिस्थितिकीकडे होणाऱ्या स्थित्यंतरासही तशाच पाठबळाची गरज आहे. जमिनीचा कस, भूजल आणि जैवविविधता यांचे रक्षण हे संपूर्ण समाजाचे हित आहे. त्याची किंमत दीड एकराच्या मालकाने एकट्याने मोजावी, ही अपेक्षा न्याय्य नाही. हा भार समाजाने वाटून घेतला, तरच अल्पभूधारक शेतकरी शाश्वत अन्नव्यवस्थेचा आधारस्तंभ ठरू शकेल.